सोडून गेलेल्यांचे सोलापूर

मराठीत एक लेखनप्रकार गेली चाळीस-पन्नास वर्षे बिनबोभाट पोसला गेला आहे. त्याला स्वतंत्र नाव नाही, पण दिवाळी अंकांच्या सरावलेल्या वाचकाला तो पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो. लेखक परदेशी किंवा परगावी स्थायिक झालेला असतो. त्याच्या लेखात एक गाव असते. गावात आजी, अंगण, चूल, देवळातली घंटा आणि एखादा विक्षिप्त पण प्रेमळ मास्तर असतो. लेखक साठीला पोचलेला असला तरी गावाचे वय वाढत नाही. तेथे निवडणूक होत नाही, जमिनीची वाटणी होत नाही, कोणी कोणाच्या विहिरीवर पाणी भरले म्हणून मार खात नाही. शेवटी लेखक काही वर्षांनी गावी येतो, सारे बदललेले पाहून त्याचे डोळे पाणावतात आणि लेख संपतो. बदल का झाला, कोणी केला, त्यात कोणाचे भले झाले आणि कोण बुडाले, हे विचारण्याआधीच लेखकाची परतीची गाडी निघालेली असते.

गाव सोडणे हा अपराध नाही आणि गाव आठवणे तर नाहीच. आमचा आक्षेप वेगळा आहे. हे लेखन मुळात लेखकाच्या वियोगाविषयी असते. तसे म्हणून ते वाचले तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. परंतु आपण संपादक, शिक्षक आणि समीक्षक ते गावाविषयीची साक्ष म्हणून वाचतो, ललित गद्याचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, आणि मग गावातच राहणाऱ्या मुलाला आपल्या गावाचे वर्णन सोडून गेलेल्या माणसाच्या आठवणीतून उसने घ्यावे लागते. या उसनवारीविरुद्ध आम्ही लिहीत आहोत.

या लेखनाचा सामाजिक उगम नीट पाहिला पाहिजे. १९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि भारतीय डॉक्टर-अभियंत्यांना तेथे जाण्याची वाट मोकळी झाली. त्या वाटेने गेलेली मराठी पिढी प्रामुख्याने शहरी, उच्चशिक्षित आणि पांढरपेशा घरांतली होती. तिने तेथे संस्था उभ्या केल्या. १९७९ मध्ये उत्तर अमेरिकेत ‘एकता’ हे नियतकालिक सुरू झाले, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. परक्या भूमीत, नोकरी-संसार सांभाळून, पदरमोड करून मराठी अंक काढणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि त्या कष्टांची टवाळी करण्याची आमची इच्छा नाही. या मंडळींनी तेथील एकाकीपणाविषयी, मुलांच्या तुटत चाललेल्या भाषेविषयी, कार्यालयांतील सूक्ष्म अवहेलनेविषयी जे लिहिले ते पुष्कळदा खरे उतरले आहे. कारण जेथे गेले तेथील बर्फ त्यांनी पाहून लिहिला; जेथून गेले तेथील ऊन मात्र आठवून लिहिले. एकाच लेखकाच्या दोन लेखांतील हा फरक आमच्या समीक्षेने कधी गांभीर्याने नोंदवला नाही.

या आठवलेल्या उन्हाला वर्ग आणि जात आहे. ज्या घरात अंगण होते त्यालाच अंगण आठवते. ज्या घरातून पोराला विमानाचे भाडे जुळवून देता आले, त्या घराची मायभूमी ही साऱ्या महाराष्ट्राची मायभूमी म्हणून छापली गेली. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातील माणसे रोजगाराच्या कामांवर खडी फोडत होती आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, ‘मिलो’, खात होती. त्याच सुमारास मराठी तरुण अमेरिकेला जात होते. एकाच दोन देशांमधून धान्य इकडे आले आणि माणसे तिकडे गेली. पण मायभूमीच्या आठवणींत ती लाल भाकरी फारशी सापडत नाही. २००९ साली सॅन होजे येथे पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी डॉ. गंगाधर पानतावणे होते. दलित साहित्याच्या चळवळीत ‘अस्मितादर्श’ चालविणारा समीक्षक परदेशस्थ मराठीजनांच्या पहिल्याच विश्वव्यासपीठावर अध्यक्ष असावा, हा योग मोठा होता. मायभूमी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या निमित्ताने परदेशस्थ लेखनाच्या केंद्राशी यायला हवा होता. दिवाळी अंकांतील अंगणे मात्र पूर्वीसारखीच सारवलेली राहिली.

आता आमच्या सोलापूरकडे येऊ. येथून बाहेर पडण्यासाठी अमेरिकाच लागते असे नाही, पुणे पुरते. २००१ साली सुरू झालेली हुतात्मा एक्स्प्रेस पहाटे येथून निघते आणि नोकरी-शिक्षणाच्या शोधातील एक अख्खी पिढी तिने पुण्याला पोचवली आहे. १९३० च्या मार्शल लॉच्या प्रकरणात ज्यांना जानेवारी १९३१ मध्ये येरवड्यात फाशी दिले गेले, त्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांच्या स्मरणार्थ या गाडीचे नाव आहे. गावासाठी मेलेल्यांच्या नावाच्या गाडीने गाव सोडावे लागते, यात जो कडवटपणा आहे तो सोलापूरविषयीच्या स्मृतिलेखांत शोधूनही सापडणार नाही. तेथे काय सापडते? शेंगाची चटणी, कडक भाकरी, गड्ड्याची जत्रा, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि सात नंदीध्वज, घरोघरची चादर आणि गिरणीचा भोंगा.

यांतील एकही गोष्ट खोटी नाही. खोटे आहे ते या यादीचे थांबणे. भोंग्याचेच उदाहरण घेऊ. भोंग्यावर घड्याळ लावणारे सोलापूर हे आता ललित लेखनातले ठरलेले वाक्य झाले आहे. पण भोंगा म्हणजे पाळी. पाळी म्हणजे मजुरी. आणि मजुरी बंद झाली तेव्हा भोंगा बंद झाला. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी १९६० च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू १९९० च्या दशकात. त्यानंतर हजारो घरांतील कर्ता पुरुष यंत्रमागावर, रिक्षावर किंवा घरी बसला, आणि घर पुष्कळदा विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांवर चालले. पानाचा हिशेब, नापास विड्यांची छाट, तंबाखूच्या धुळीने येणारा खोकला, हे सोलापूरच्या पूर्व भागातील रोजचे गद्य आहे. कुंभारीला विडी कामगार बायकांनी घरकुलांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. प्रथम गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांच्या ‘रे नगर’मधील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. एवढी मोठी कादंबरी समोर पडलेली असताना स्मृतिलेखकाला भोंग्याचा नुसता सूर ऐकू येतो. त्याच्या कानात भोंगा वाजतच राहिला आहे, कारण तो बंद झाला त्या दिवशी त्याच्या घरातली चूल विझली नाही.

दुसरी उणीव भाषेची. सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी यांच्या सरमिसळीचे शहर आहे. एकाच गल्लीत आई एका भाषेत हाक मारते, पोरगे दुसऱ्या भाषेत उत्तर देते आणि दुकानदाराशी तिसरीत घासाघीस होते. स्मृतिलेखांतील सोलापूर मात्र सरळ स्वच्छ मराठी बोलते. एखादा तेलुगू शेजारी येतो तो मोडक्या मराठीत विनोद करण्यापुरता, एखादे मुसलमान कुटुंब येते ते ईदच्या शीरखुर्म्यापुरते. गावाला आठवताना लेखकाने त्याची भाषा धुऊन, इस्त्री करून ठेवलेली असते.

तिसरी गोष्ट भाकरीची. कडक भाकरीचे कौतुक करणारे लेख आम्ही वाचले आहेत आणि ती भाकरी आम्हांलाही आवडते. पण याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका भाकरीची नोंद मराठी साहित्यात झालेली आहे. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये आले. त्यात गुरांच्या शेणातून निघालेले ज्वारीचे दाणे धुऊन, वाळवून, दळून केलेली भाकरी आहे. आजी संतामाय ती स्वतः खाते. आई मसामाय आहे, बाप म्हणवून न घेणारा पाटील आहे, आणि संतामायसोबत राहणारा, नातवाला जीव लावणारा मुसलमान दादा आहे. तीच ज्वारी, तेच ऊन, तोच जिल्हा. लिंबाळेही गाव सोडून गेले, पुण्यात स्थिरावले, पुढे २०२० चा सरस्वती सन्मान त्यांना मिळाला. म्हणजे तेही सोडून गेलेले लेखकच ठरतात. मग स्थलांतरित लेखकाची मायभूमी हा विषय निघाला की आपल्याला त्यांचे नाव का आठवत नाही?

कारण आपण कप्पे केले आहेत. एकाच्या आठवणी ‘ललित गद्य’ म्हणून लावायच्या, दुसऱ्याच्या ‘दलित आत्मकथन’ म्हणून. दोन्ही पुस्तके एकाच कपाटात असली तरी एकाच प्रश्नपत्रिकेत येत नाहीत. एकाचे गाव म्हणजे सर्वांचे गाव, दुसऱ्याचे गाव म्हणजे त्याच्या जातीचे दुःख, अशी ही विभागणी आहे. आम्हांला ती समीक्षेतील गावकुसासारखी वाटते. ‘अक्करमाशी’ हे मायभूमीविषयीचे पुस्तक आहे. माय कोण आणि भूमी कोणाची हे दोन्ही प्रश्न त्याने एकत्र विचारले, म्हणून तर ते स्मृतिलेखांपेक्षा जास्त मायभूमीविषयीचे आहे.

येथे एक प्रतिवाद हमखास येतो. दुरून अधिक स्पष्ट दिसते, जगातील थोर लेखकांनी मायदेश दुरूनच लिहिला, तेव्हा स्मृतीवर कर बसवू नका, असे सांगितले जाते. सलमान रश्दी यांचा काल्पनिक मायभूमींविषयीचा १९८२ चा निबंध पुढे केला जातो. पण त्या निबंधातील अर्धीच गोष्ट आपण उचलली. स्थलांतरिताची स्मृती फुटक्या आरशासारखी असते, तिच्यात तुकडे गहाळ असतात आणि तो जे उभे करतो ते त्याच्या मनातले गाव असते, ही रश्दींची भूमिका स्मृतीच्या मर्यादेची जाणीव देणारी आहे. आमच्या लेखकांनी तिच्यातून परवाना घेतला आणि मर्यादा सोडून दिली.

जेम्स जॉइसचे नावही असेच घेतले जाते. जॉइसने १९०४ मध्ये डब्लिन सोडले आणि त्रिएस्त, झ्युरिक, पॅरिस येथे बसून तेच शहर आयुष्यभर लिहिले, हे खरे. परंतु ‘युलिसिस’ पूर्ण करताना १९२१ साली त्याने डब्लिनमधल्या मामीला पत्र पाठवून विचारले होते, की एकल्स स्ट्रीटवरील सात नंबरच्या घराचे कठडे ओलांडून साध्या माणसाला खाली उतरता येईल का. सतरा वर्षे दूर राहिलेल्या, ते शहर तोंडपाठ असलेल्या लेखकाला एका कठड्याविषयी स्वतःच्या आठवणीवर विसंबावेसे वाटले नाही. आमच्या स्मृतिलेखकांपैकी किती जणांनी सोलापुरातल्या आपल्या मामीला असे पत्र लिहिले असेल? आता तर पत्रही नको, फोन पुरे. आमचा निकष इतकाच आहे: लेखक आपल्या गावाला अजून काही विचारतो का? दूर असणे किंवा जवळ असणे याने काही ठरत नाही. प्रश्न संपले की गावात राहणारा लेखकही परदेशस्थ होतो.

हा निकष उलट बाजूलाही लागू पडतो, आणि ती बाजूही आम्ही सोडणार नाही. ‘जे गेले त्यांना बोलण्याचा अधिकार नाही’ असे म्हणणारी एक फळी येथे आहे. देशीवादाची एक सोयीस्कर, किरकोळ आवृत्ती तिने तयार केली आहे. मातीत पाय असले की डोके चालवण्याची गरज नाही, असा तिचा सारांश आहे. या फळीला आम्ही सोलापूरचाच इतिहास दाखवू इच्छितो. हे शहर वाढले तेच आलेल्यांमुळे. तेलंगणातील करीमनगर, वारंगळ, नलगोंडा, महबूबनगर या भागांतून पद्मशाली विणकर येथे आले, त्यांनी हातमाग लावले, गिरण्यांत पाळ्या केल्या, आणि ज्या सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले ती त्यांच्या मागावर नावारूपाला आली. नारळी पौर्णिमेला येथे मार्कंडेयाचा रथ निघतो. नवरात्राच्या दिवसांत पूर्व भागात बायका फुलांची बतुकम्मा रचतात. त्या फुलांत एक सोडून आलेला मुलूख आहे. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ गाव’ म्हणून कवटाळतो तेच कित्येकांच्या पणजोबांचे परगाव होते. अशा शहरात बसून ‘तू गेलास, आता गप्प बस’ असे कोणी कोणाला म्हणावे?

शिवाय मायभूमीचे आपलेही एक ठरीव चित्र आहे, ते गेलेल्या माणसाचे. १९७० च्या दशकात जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या आईबापांची अस्सल वेदना रंगभूमीवर आणली. नंतर मात्र त्या वेदनेचा साचा झाला. गेलेला मुलगा कृतघ्न, राहिलेले आईबाप पवित्र. मुलगा पैसे पाठवतो पण माया पाठवत नाही. गेलेल्याने अश्रू ढाळावेत ही आपलीच मागणी आहे, आणि बाजार चालू राहतो तो मागणीवर. मरण पावलेला स्थलांतरित आपल्याला जास्त सोयीचा. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. भैय्या चौकात त्यांचे स्मारक आहे आणि आम्हांला त्यांचा योग्य अभिमान आहे. जिवंतपणी परत येऊन कोणी या शहराविषयी दोन कडू गोष्टी लिहिल्या, तर त्याला असेच स्मारक सोडा, व्याख्यानाचे आमंत्रण तरी मिळेल का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सोडून जाणे आणि सोडलेली भूमी यांचे नाते अलीकडच्या काळात सर्वांत निष्ठुरपणे मांडले ते एका चित्रपटाने, आणि मांडणारा याच जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) पळून गेलेले जोडपे हैदराबादला पोचते. सोलापूरकडे ज्या मुलखातून विणकर पोटासाठी आले, त्याच दिशेने ही दोघे जीव वाचवण्यासाठी जातात. परक्या भाषेत त्यांना घर मिळते, काम मिळते, शेजार मिळतो. आणि एक दिवस मायभूमी दारात येते, भेटवस्तू घेऊन, हसतमुखाने, खून करायला. ज्यांच्या लेखी मायभूमी म्हणजे मायेची ऊब, त्यांनी या शेवटाकडे पुन्हा पाहावे. काहींना गाव आठवते. काहींना गाव विसरत नाही.

हा वाद साहित्यापुरता असता तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. प्रश्न वर्गातल्या मुलामुलींचा आहे. घरी तेलुगू बोलणारी, आईला विड्या वळू लागून कॉलेजला येणारी मुलगी ‘माझे गाव’ या विषयावर लिहायला बसते तेव्हा तिच्या वहीत अंगण येते, तुळस येते, कौलारू घर येते. ती राहते दहा बाय बाराच्या खोलीत. नळाला काही दिवसांआड पाणी येते. शेजारच्या यंत्रमागाच्या खडखडाटात ती परीक्षेचा अभ्यास करते. हे लिहिण्याजोगे आहे असे तिला कोणी सांगितलेले नाही. चांगले मराठी म्हणजे न पाहिलेल्या अंगणाचे मराठी, हे तिला आपण शिकवले. मग ती भाषा सोडते किंवा स्वतःला सोडते. दोन्हींत तोटा मराठीचा.

त्यामुळे आमची मागणी साधी आणि व्यवहार्य आहे. स्मृतिलेख अभ्यासक्रमातून काढू नका. त्यांच्या शेजारी ‘अक्करमाशी’ ठेवा आणि एकाच प्रश्नपत्रिकेत दोन्हींवर प्रश्न विचारा. लेख वाचताना विद्यार्थ्यांना तीन गोष्टी शोधायला लावा: या गावात कोण कमावते, कोण कोणत्या भाषेत बोलते, आणि लेखक निघून गेल्यानंतर तेथे काय घडले. ज्या लेखाला यांपैकी एकाचेही उत्तर देता येत नाही, तो लेखकाच्या मनाविषयीचा उत्तम लेख असू शकेल, गावाविषयीचा नाही. संपादकांनी परदेशस्थांकडून मायभूमीच्या आठवणी मागवणे थांबवून ते आज जेथे राहतात तेथली भाडी, भांडणे, देवळे आणि मतदान यांविषयी लेख मागवावेत. त्यांना ते जमते, हे त्यांनी सिद्ध केले आहे.

जाणे आणि पाहणे यांचा मेळ घालता येतो याचा दाखलाही आमच्या शहरातच आहे. मारुती चितमपल्ली १९३२ मध्ये सोलापुरात, तेलुगू मातृभाषेच्या घरात जन्मले. वनखात्याच्या नोकरीत त्यांचे आयुष्य नवेगावबांध, नागझिरा अशा दूरच्या रानांत गेले. जेथे गेले तेथील आदिवासींना आणि पारध्यांना पक्ष्यांची, झाडांची नावे विचारत राहिले, आणि त्या विचारपुशीतून मराठीच्या पदरात पुष्कळ नवे शब्द पडले. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, उतारवयात सोलापूरला परतले आणि १८ जून २०२५ रोजी येथेच वारले. आयुष्याचा मोठा भाग दूर काढूनही त्यांनी आठवणीपेक्षा विचारपुशीवर जास्त भरवसा ठेवला. स्वतःची भाषा बाजूला ठेवून दुसऱ्याला ‘याला तुम्ही काय म्हणता?’ असे विचारण्याची ही सवय लागली, तर सोडून गेलेल्याचे लेखनही खरे होते आणि राहिलेल्याचेही. ती सवय लावणे हे साहित्य शिकवणाऱ्यांचे काम आहे, आणि ते अजून सुरू व्हायचे आहे.